बेरीज बरोबर, गावं चूक : बांठिया आयोगाची पद्धत वाशिमच्या तांड्यावरून वाचताना

५ ऑक्टोबर २०२१ ला वाशिम जिल्हा परिषदेच्या १४ जागांसाठी मतदान झालं. याच जागांवर जानेवारी २०२० मध्ये एकदा निवडणूक झालेली होती. लोकांनी सदस्य निवडून दिले होते, ते वर्षभर सभांना बसले होते. मग ४ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि इतर मागासवर्गासाठी राखीव असलेल्या जागा रिकाम्या झाल्या. वाशिमबरोबर अकोला, नागपूर, धुळे अशा इतर जिल्ह्यांतही हेच घडलं. कारण दोन होती. आरक्षणाची एकूण बेरीज ५० टक्क्यांच्या वर गेली होती. आणि २७ टक्के हा जो आकडा कायद्यात लिहिला होता, त्याच्यामागे त्या त्या संस्थेचा अभ्यासच नव्हता.

खटल्याचं नाव 'विकास किसनराव गवळी विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. पेट किंवा नेटची तयारी करताना आपण 'डेटाची सप्रमाणता आणि विश्वसनीयता' यावर टीप पाठ करतो. या खटल्यात तीच टीप पाठ नसल्यामुळे निवडून आलेल्या माणसांची पदं गेली. म्हणून आज मी एखाद्या शोधनिबंधाचं नाही, तर या निकालानंतर सरकारने जी पद्धत वापरली तिचं परीक्षण करणार आहे. मी विज्ञान शाखेचा विद्यार्थी आहे, राज्यशास्त्राचा नाही. त्यामुळे आरक्षण असावं की नसावं, किती असावं, यावर इथे काही बोलणार नाही. मोजमाप कसं झालं एवढंच बघू.

न्यायालयाने नेमकं काय मागितलं होतं?

न्यायालयाची अट तीन भागांची होती. 'ट्रिपल टेस्ट' म्हणून वर्तमानपत्रांत ती खूप गाजली. पहिला भाग : एक समर्पित आयोग नेमा आणि त्याच्याकडून स्थानिक संस्थांमधल्या मागासलेपणाचं स्वरूप आणि परिणाम यांची आजची, काटेकोर, अनुभवाधिष्ठित चौकशी करून घ्या. दुसरा : त्या आधारे प्रत्येक स्थानिक संस्थेत आरक्षणाचं प्रमाण किती हवं ते ठरवा. तिसरा : अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग मिळून ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडू नका.

ही अट २०२१ मध्ये नव्याने आली नव्हती. २०१० च्या के. कृष्णमूर्ती खटल्यात घटनापीठाने हे सांगून ठेवलं होतं. शिक्षणातलं किंवा नोकरीतलं मागासलेपण आणि राजकारणातलं मागासलेपण या एकच गोष्टी नव्हेत, हेही तिथेच म्हटलं होतं. म्हणजे अकरा वर्षं प्रश्नपत्रिका हातात होती.

या तीन भागांतला एक शब्द तुम्ही वहीत लिहून ठेवा : 'संस्थानिहाय'. राज्याचा एक आकडा न्यायालयाने मागितलाच नव्हता. जिल्हा परिषदेचा वेगळा, नगर परिषदेचा वेगळा, ग्रामपंचायतीचा वेगळा, असं मागितलं होतं. पुढे सगळी गडबड याच शब्दापाशी होते.

आधी राज्य मागासवर्ग आयोगाचा अंतरिम अहवाल न्यायालयात गेला. ३ मार्च २०२२ ला तो नाकारला गेला, कारण अनुभवाधिष्ठित अभ्यास आणि संशोधन हाताशी नसताना तो तयार होतोय हे त्या अहवालातच लिहिलं होतं. आपल्यातल्या कुणी सिनॉप्सिसमध्ये असं वाक्य लिहून दिलं असतं तर गाइडने कागद परत केला असता. तिथेही तेच झालं. लगेच त्याच महिन्यात माजी मुख्य सचिव जयंतकुमार बांठिया यांच्या अध्यक्षतेखाली समर्पित आयोग नेमला गेला. बांठिया हे देशाचे जनगणना आयुक्तही राहिलेले. म्हणजे मोजणीत मुरलेला माणूस. जुलै २०२२ मध्ये अहवाल आला. राज्यात इतर मागासवर्गाची लोकसंख्या सुमारे ३७ टक्के आहे, असा त्यातला अंदाज होता.

आणि तो अंदाज काढण्यासाठी वापरलेला मुख्य कच्चा माल होता मतदार याद्या. यादीतल्या आडनावांवरून जातीचा अंदाज, आणि त्याला स्थानिक कर्मचाऱ्यांच्या माहितीची जोड.

दुसरं काही हाताशी नव्हतं का?

टीका करायच्या आधी हे विचारणं आपलं काम आहे. कुठलीही पद्धत वाचताना तिच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं, ते आधी बघा.

२०२१ ची जनगणना झालेलीच नव्हती. तोवरच्या जनगणनांत अनुसूचित जाती-जमातींची नोंद होत होती, पण इतर मागासवर्गाची होत नव्हती. जातवार पूर्ण आकडे शेवटचे आले ते १९३१ मध्ये. मंडल आयोगाचा ५२ टक्के हा देशपातळीवरचा प्रसिद्ध आकडाही १९३१ च्या आधारे काढलेला अंदाज होता. राहिली २०११ ची सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणना. तिचा कच्चा डेटा राज्याने मागितला. केंद्राने प्रतिज्ञापत्रात सांगितलं की तो वापरण्याजोगा नाही : १९३१ मध्ये देशात ४,१४७ जाती नोंदल्या होत्या, या गणनेत ४६ लाखांहून अधिक निघाल्या. डिसेंबर २०२१ मध्ये राज्याची मागणी फेटाळली गेली.

४६ लाख जाती कुठून आल्या? लोकांना मोकळा प्रश्न विचारला आणि जे उत्तर आलं ते तसंच लिहिलं. कुणी जात सांगितली, कुणी पोटजात, कुणी कुळ, कुणी आडनाव. एकच नाव चार प्रगणकांनी चार तऱ्हेने लिहिलं.

गंमत अशी, की २०११ मध्ये लोकांना जात विचारली तर त्यांनी आडनावं सांगितली आणि तो डेटा निकामी ठरला. २०२२ मध्ये आडनावं घेतली आणि त्यांतून जाती काढल्या. आडनाव आणि जात यांच्यातली वाट जाताना खड्ड्यांची होती, तर येताना ती डांबरी कशी होईल?

जून २०२२ मध्ये यावर बराच गदारोळ झाला. सत्तेत असलेल्या छगन भुजबळांनी टीका केली, तेव्हा विरोधात असलेल्या देवेंद्र फडणवीसांनीही केली. एकच आडनाव अनेक जातींत असतं, हा मुद्दा दोघांचाही. मुद्दा बरोबरच आहे. पण ती सगळी चर्चा एकाच गोष्टीभोवती फिरत राहिली : एकूण आकडा खरा किती, ३७ की ५२? मला वाटतं भांडण चुकीच्या ठिकाणी झालं. पद्धतीचा खरा दोष राज्याच्या बेरजेत दिसतच नाही. तो बघायला तांड्यावर जावं लागतं.

यादीत काय असतं आणि काय नसतं

मतदार यादीचा एक भाग म्हणजे एका मतदान केंद्राची यादी. त्यात मतदाराचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग आणि ओळखपत्राचा क्रमांक असतो. जात नसते. धर्म नसतो. आडनावसुद्धा सक्तीचं नाही, कारण नाव नोंदवायच्या नमुना ६ मध्ये आडनाव 'असल्यास' लिहायचं असतं. यादीला एवढंच सांगायचं असतं की ही व्यक्ती इथली रहिवासी आहे, १८ वर्षांची झाली आहे आणि इथे मत देऊ शकते. त्या कामासाठी ती बनवली आहे.

नावाचा रकाना साधा वाटतो, पण त्याचाही इतिहास आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशभरात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून वगळावी लागली. त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई अशी ओळख दिली होती. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारल्या नाहीत. म्हणजे या बायका घरात होत्या, गावात होत्या, पण यादीला हव्या त्या आकारात नव्हत्या. यादी जग जसंच्या तसं दाखवत नाही. तिच्या रकान्यांत बसेल तेवढं दाखवते.

आता स्थानिक निवडणूक. अनेकांना वाटतं की ग्रामपंचायतीची मतदार यादी वेगळी बनते. तसं नाही. राज्य निवडणूक आयोग विधानसभेची त्या दिवशी अमलात असलेली यादीच घेतो आणि ती प्रभागांत विभागतो. हरकतींच्या मुदतीत 'माझं नाव चुकून दुसऱ्या प्रभागात गेलंय' हे सांगता येतं. पण विधानसभेच्या यादीतच नाव नसेल तर त्या टप्प्यावर ते नव्याने घालता येत नाही. मूळ यादीतली उणीव जशीच्या तशी खाली उतरते.

तांडा कुठे बसतो?

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके. मानोऱ्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं मोठं श्रद्धास्थान. या जिल्ह्यात बंजारा समाजाचे तांडे भरपूर आहेत.

तांडा ही वस्ती म्हणून पूर्ण असते. तिला नाव असतं, नाईक असतो, सण-उत्सव असतात. पण कागदावर ती बहुतेक वेळा स्वतंत्र गाव नसते. काही तांड्यांना महसुली गावाचा दर्जा आणि स्वतःची ग्रामपंचायत मिळाली आहे. बाकीचे शेजारच्या गावाला जोडलेले, गट ग्रामपंचायतीत. जनगणनेची तक्ती महसुली गावानुसार असते, त्यामुळे अशा तांड्याची माणसं मुख्य गावाच्या आकड्यात मिसळून जातात. निवडणुकीत तांडा एक प्रभाग असतो, किंवा प्रभागाचा तुकडा.

महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींत येतो. स्थानिक निवडणुकांत 'नागरिकांचा मागास प्रवर्ग' म्हणून जे आरक्षण असतं, त्यात इतर मागासवर्गाबरोबर विमुक्त जाती आणि भटक्या जमातीही धरल्या जातात. म्हणजे बांठिया आयोगाच्या मोजणीत तांडा मोजला जाणं गरजेचं होतं.

आता तांड्यावरची आडनावं बघा : राठोड, चव्हाण, पवार, जाधव, आडे. यातलं राठोड आणि आडे वऱ्हाडात वाचणाऱ्याला लगेच खूण देतात. पण चव्हाण, पवार, जाधव? ही आडनावं मराठा समाजात आहेत, अनुसूचित जातींत आहेत, इतरही अनेक समाजांत आहेत. पवार म्हटलं तर बंजारा, मराठा, पारधी असे तीन तरी पर्याय समोर येतात.

हे फक्त तांड्यापुरतं नाही. वानखडे, इंगोले, इंगळे ही वऱ्हाडातली नेहमीची आडनावं कुणब्यांत आहेत तशी बौद्धांतही आहेत. देशमुख आणि पाटील ही तर वतनाची नावं. त्यांवरून पणजोबांकडे काय अधिकार होता ते कळेल, जात कळेलच असं नाही. कारंजा, मंगरूळपीरच्या यादीतल्या शेख आणि खान यांच्यापैकी कोण मागासवर्गाच्या यादीतल्या समाजाचा आणि कोण नाही, हे आडनावावरून कुणीही सांगू शकत नाही.

एक गणित करून बघू

पुढची दोन गावं काल्पनिक आहेत आणि आकडे मी सोपे घेतले आहेत. केवळ आडनावावर विसंबलं तर काय होऊ शकतं, एवढंच यातून दिसेल. आयोगाने असंच केलं असा माझा दावा नाही.

पहिली गट ग्रामपंचायत. १,००० मतदार, ७ सदस्य. मुख्य गावात ७०० मतदार, सगळे खुल्या किंवा अनुसूचित प्रवर्गातले. जोडलेल्या तांड्यावर ३००, सगळे विमुक्त जातीचे. तांड्यावरच्या ३०० पैकी १०० जण राठोड, ते ओळखू आले. उरलेले २०० चव्हाण, पवार, जाधव. यादी वाचणाऱ्याने त्यांना मुख्य गावातल्या त्याच आडनावांबरोबर खुल्या प्रवर्गात टाकलं. खरं प्रमाण ३० टक्के, दिसलं १० टक्के.

दुसरी ग्रामपंचायत. तिथेही १,००० मतदार, ७ सदस्य. मागास प्रवर्गाचे फक्त १००, ते बरोबर ओळखले गेले. पण खुल्या प्रवर्गातल्या २०० जणांची आडनावं कुणब्यांसारखी, म्हणून तेही मागास गणले गेले. खरं प्रमाण १० टक्के, दिसलं ३० टक्के.

आता बेरीज करा. दोन्ही मिळून खरे ४००, दिसले ४००. चूक शून्य! तालुक्याचा अहवाल लिहिणारा अधिकारी खूश. आणि दोन्ही गावं चूक.

जागांचं काय? वरची मर्यादा २७ टक्के धरली आणि ५० टक्क्यांच्या आत तेवढी जागा शिल्लक असली, तर ७ चे २७ टक्के म्हणजे १.८९, जवळच्या पूर्णांकाला २ जागा. ७ चे १० टक्के म्हणजे ०.७, म्हणजे १ जागा. पहिल्या ग्रामपंचायतीला २ मिळायला हव्या होत्या, तिला १ मिळाली. दुसरीला १ पुरेशी होती, तिला २ मिळाल्या. एक जागा तांड्यावरून उठून शेजारच्या गावात गेली, आणि कुठल्याही तक्त्यात त्याचा मागमूस नाही.

सात जणांच्या पंचायतीत एक जागा म्हणजे काय हे गावात राहिलेल्याला सांगायला नको. तांड्याकडे येणारी पाइपलाइन आधी की मुख्य गावातला सभामंडप आधी, हे एका मताने ठरू शकतं.

इथे थांबून उलट बाजूही तपासा. समजा एखाद्या तांड्याची स्वतःची ग्रामपंचायत आहे आणि तिथे ९० टक्के मतदार मागास प्रवर्गाचे आहेत. पद्धतीने ते ६० टक्केच दाखवले, तर? मर्यादा २७ टक्क्यांची असल्यामुळे जागांत काहीच फरक पडत नाही. म्हणजे ही चूक सगळ्यांना सारखी लागत नाही. ज्याला स्वतःची ग्रामपंचायत मिळाली तो तांडा वाचतो. जो मुख्य गावाला जोडलेला आहे, अल्पसंख्य आहे, त्याला ती लागते. 'पद्धतीत चूक आहे' असं लिहून थांबू नका. ती चूक निर्णय बदलते का, आणि कुणासाठी बदलते, इथपर्यंत जा.

जे यादीतच नाहीत

आतापर्यंत आपण धरून चाललो की तांड्यावरचे सगळे प्रौढ यादीत आहेत. तेही तपासायला हवं.

तांड्यांवरून कामासाठी बाहेर जाणं नवं नाही : ऊसतोड, वीटभट्टी, शहरांतली बांधकामं. ऊसतोडीची माणसं साधारण दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मतदार यादीचा दरवर्षीचा संक्षिप्त पुनरीक्षण कार्यक्रमही बहुतेक याच काळात असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरकडे प्रारूप यादी, मग हरकती, जानेवारीत अंतिम यादी. बीएलओ घरोघरी फिरतो तेव्हा कुलूप. अठरा पूर्ण झालेला मुलगा फडावर, लग्न होऊन आलेली सून फडावर.

कायदा त्यांच्या बाजूने आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० चं कलम २० सांगतं की तात्पुरतं बाहेर गेल्याने माणसाचं 'सर्वसाधारण रहिवासी' असणं संपत नाही. २०२२ पासून नव्या मतदारांसाठी वर्षातून एक नव्हे तर चार अर्हता दिनांक आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. म्हणजे उन्हाळ्यात परतल्यावरही अर्ज करता येतो. पण अर्ज माणसाला करावा लागतो, आणि पावसाळ्याआधीच्या त्या दोन महिन्यांत घरात इतर शंभर कामं असतात.

याशिवाय यादीत १८ वर्षांखालचं कुणी नसतं. ज्या समाजात लहान मुलांचं प्रमाण जास्त, त्याचा लोकसंख्येतला वाटा मतदारांतल्या वाट्यापेक्षा मोठा असणार. 'मतदारांतलं प्रमाण' आणि 'लोकसंख्येतलं प्रमाण' हे एकमेकांच्या जागी वापरायचे आकडे नाहीत.

तर चुका तीन जातीच्या झाल्या. पहिली वर्गीकरणाची : चव्हाण कोण? दुसरी व्याप्तीची : यादीत आहे कोण? तिसरी एककाची : तांडा नावाची गोष्ट डेटात आहे का? एरवी आपण म्हणतो की वेगवेगळ्या चुका एकमेकींना खोडतात. इथे तिन्ही एकाच वस्तीवर एकाच दिशेने पडतात.

आयोगाच्या बाजूने

आयोग फक्त आडनावांवर थांबला नव्हता, स्थानिक माहितीची जोड होती, हा बचाव योग्य आहे. गावच्या कर्मचाऱ्याला तांड्यावरचा चव्हाण आणि गावातला चव्हाण यांतला फरक न सांगता कळतो. नाईकाला विचारलं तर तो घरोघर सांगेल. थोड्या महिन्यांत सगळ्या राज्याचं काम उरकायचं असताना हा मार्ग निवडणं समजण्यासारखं आहे.

पण मग प्रश्न बदलतो. आता आपला डेटा 'आडनाव' उरला नाही, तो 'एका माणसाची आठवण' झाला. आणि तो माणूस दर गावी वेगळा. कुठे वीस वर्षं त्याच गावात असलेला, कुठे महिन्यापूर्वी बदलून आलेला. प्रयोगशाळेत आम्हाला पहिल्या वर्षीच सांगतात, की दर खोलीत वेगळा तराजू असेल तर वजन लिहिण्याआधी प्रत्येक तराजूवर एकच प्रमाणित वजन ठेवून बघा. गावोगावच्या या तराजूंची किती चूक होते, हे प्रत्येक संस्थेच्या आकड्याशेजारी लिहिलेलं असायला हवं. ३७ च्या आजूबाजूला जी जाहीर चर्चा झाली, तिच्यात चुकीची मर्यादा कुणी मागितली नाही आणि कुणी सांगितलीही नाही.

आणखी एक. न्यायालयाने डोकी मोजायला सांगितली होती, पण तेवढ्यासाठी नाही. मागासलेपणाचं 'स्वरूप आणि परिणाम' विचारले होते. खुल्या जागांवरून या समाजांतले किती जण निवडून येतात, सरपंचपदापर्यंत किती पोचतात, गट ग्रामपंचायतीत तांड्याचा माणूस सरपंच झाला का, हे प्रश्न त्या शब्दांत आहेत. लोकसंख्येचा आकडा हा त्या उत्तराचा एक भाग. टीका करणारे आणि समर्थन करणारे दोघंही त्या एका भागावरच भांडत बसले.

पुढे काय झालं तेही सांगतो. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अहवालानुसार निवडणुका घ्यायला परवानगी दिली. मग पुन्हा वाद, पुन्हा 'जैसे थे'. ६ मे २०२५ ला न्यायालयाने सांगितलं, की २०२२ च्या अहवालाआधी जी स्थिती होती त्या आरक्षणाप्रमाणे निवडणुका घ्या, मूळ वाद नंतर बघू. एवढा खटाटोप केलेला आकडा असा बाजूला ठेवला गेला.

मग काय करता आलं असतं?

परीक्षणात नुसता नकार देऊन चालत नाही, म्हणून माझ्या मते जमण्यासारख्या चार गोष्टी.

पहिली : यादीतलीच दुसरी माहिती वापरणं. यादीच्या भागात वस्तीनिहाय छोटे विभाग असतात, आणि अनेकदा तांड्याचं नाव तिथे लिहिलेलं असतं. 'चव्हाण' एकटा काही सांगत नाही, पण 'तांड्याच्या विभागातला चव्हाण' बरंच सांगतो. यासाठी नवा सर्व्हे लागत नाही.

दुसरी : काही ग्रामपंचायती नमुना म्हणून निवडून तिथे घरोघर जाऊन लोकांनाच विचारणं, आणि यादीवरून काढलेल्या आकड्याशी ते ताडून बघणं. हा नमुना काढताना गट ग्रामपंचायती, तांडे, मुस्लिम वस्ती आणि स्थलांतराची गावं वेगवेगळी धरायची. सरसकट चिठ्ठ्या टाकल्या तर जिथे चूक जास्त तीच गावं नमुन्यातून निसटतात.

तिसरी : एकच यादी दोन माणसांनी एकमेकांना न विचारता वाचायची, एक कर्मचारी आणि एक त्या वस्तीतला. दोघांचं किती नावांवर एकमत होतं ते मोजायचं. एकमत कमी असेल त्या गावचा आकडा वापरायच्या आधी थांबायचं.

चौथी, सगळ्यात सोपी : काढलेला आकडा गावात लावायचा. मतदार यादीवर हरकती मागवतात, तशा या आकड्यावरही मागवायच्या. ग्रामसभेत वाचून दाखवला असता तर माझ्या उदाहरणातला तांडा दहा मिनिटांत म्हणाला असता, अहो, आम्ही तीनशे आहोत, शंभर नाही.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

तुमच्यापैकी बरेच जण मतदार यादी, रेशनची यादी, शाळेचा दाखल-खारीज रजिस्टर, रोजगार हमीची जॉबकार्डं असा प्रशासकीय डेटा वापरणार आहात. तो वापराच. फुकट असतो, सगळ्या गावांचा असतो, वर्षानुवर्षांचा असतो. फक्त पद्धतीच्या प्रकरणात तीन प्रश्नांची उत्तरं स्वतःहून लिहा. ही यादी कुणी, कशासाठी बनवली? माझ्या प्रश्नातलं एकक, वस्ती असो की वाडी की तांडा, तिच्यात वेगळं दिसतं का? आणि चूक झाली तर ती कुणाच्या वाट्याला जास्त येईल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना जिल्ह्याची बेरीज बघू नका, ती बहुतेक वेळा बरोबरच निघते. एक गाव निवडा. त्या गावाला जोडलेली सगळ्यात लांबची वस्ती निवडा. यादीचा तेवढाच भाग छापून घ्या आणि तिथे जा, शक्यतो माणसं फडावरून परतल्यावर. नाईकाला किंवा वस्तीतल्या एखाद्या जाणत्या बाईला शेजारी बसवा आणि एकेक नाव वाचत जा. किती नावांवर त्या मान हलवतात, किती नावांवर 'हा तर वारला' म्हणतात, आणि शेवटी किती जणांबद्दल 'याचं नाव कसं नाही?' असं विचारतात, ते मोजा.

तुमच्या डेटाची चूक किती, याचा तो पहिला खरा आकडा असेल.